सोसणं खाली ठेवून या

पाऊस ओसरला की सप्टेंबरात आमच्या गटातल्या अकरा जणी गढवालमधल्या हेमकुंडाला निघाल्या आहेत. चार हजार मीटरहूनही उंचावर, शिखरांच्या कुशीत हे तळं आहे. शिखांचं ते तीर्थ, आणि काठाला लक्ष्मणाचं देऊळही आहे. वर मुक्काम करता येत नाही. घांघरियाहून पहाटे निघायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. या एका दिवसाची आखणी गेले तीन महिने चालू आहे. संपादकीयात सहलीचं काय काम, असं कुणी विचारेल. पण या आखणीत जे समोर आलं, ते आपल्या सगळ्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे.

आधी हिशेब सांगते. घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे. तिथून तळं सहा किलोमीटर, आणि चढ हजार मीटरहून जास्त. सिंहगडाचा चढ साधारण सहाशे मीटर धरला, तर जवळजवळ दोन सिंहगड एकावर एक. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे आपल्याला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागावा. पण हा आडाखा धडधाकट माणसाचा आणि कमी उंचीवरचा. हेमकुंडापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. म्हणून आम्ही वेळ दुप्पट धरली.

मग प्रत्येकीला तब्येतीची माहिती लिहून द्यायला सांगितलं. अकराही कागदांवर एकच उत्तर आलं: काही त्रास नाही. त्यानंतर एकेकीशी निवांत बोलले. एकीची कंबर तीन वर्षं दुखते आहे. एक रक्तदाबाची गोळी घेते, पण मनाला येईल तेव्हा. एकीचं हिमोग्लोबिन नऊ. यांपैकी कुणीही काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं!

हे आपल्यातल्या कुणाला नवं आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये २५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बाया थकलेल्या अंगानेच घर, शेत, कारखाना ओढताहेत, आणि त्या थकव्याला ‘बाईचं जगणं’ म्हणताहेत. ‘किती सोशीक आहे हो!’ ही आपल्याकडची मोठी शाबासकी. ती मिळवता मिळवता दुखणं ओळखायचीच सवय मोडते.

उंचावर ही शाबासकी जिवावर बेतू शकते. तिथे विरळ हवेचा त्रास डोकेदुखी, मळमळ, चक्कर, जेवण नको वाटणं, नेहमीपेक्षा जास्त थकवा अशा साध्या तक्रारींनी सुरू होतो. त्या दिसताच वर चढणं थांबवायचं, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर क्षणभरही थांबायचं नाही. हा सगळा उपाय एकाच गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे जिला त्रास होतो तिनं तो वेळेवर बोलून दाखवणं. आणि नेमकं तेच आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या. आदल्या आठवड्यात हिमकडा तळावर कोसळूनही त्या वर गेल्या, ही गोष्ट आपण मुलींना अभिमानानं सांगतो आणि सांगावीच. पण जखमा पाहून जे सहकारी वेळेत खाली परतले, त्यांचा निर्णयही शहाणपणाचाच होता. तोही मुलींना सांगायला हवा.

म्हणून आम्ही काही नियम केले आहेत. घांघरियाला पोहोचल्यावर लगेच हेमकुंड नाही. मधला एक दिवस फुलांच्या घाटीत हळूहळू फिरायचं, शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची. पहाटे पाचला निघायचं. दुपारी बारा वाजता असू तिथून परत फिरायचं, तळं समोर दिसत असलं तरी. सर्वांत सावकाश चालणारी पुढे राहील, तिच्या वेगानं बाकीच्या. लघवीची पंचाईत नको म्हणून पाणी न पिण्याची आपली जुनी खोड इथे चालणार नाही. आडोसा कुठे करायचा हे आधीच ठरेल. दर तासाला प्रत्येकीनं स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं, आणि ते ‘मी ठीक आहे’ एवढंच नको. घोडा किंवा कंडी केली म्हणून कुणी हिणवायचं नाही. एक परतली तर दुसरी तिच्यासोबत परतेल, आणि त्यावर चर्चा होणार नाही.

नऊ हिमोग्लोबिनवाल्या मैत्रिणीवर आता उपचार चालू आहेत. ती येईल की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टर आणि ती मिळून ठरवतील. आली नाही तरी तिचं रक्त वाढलेलं असेल, आणि ही आमच्या सहलीची पहिली कमाई.

मैत्रिणींनो, हेमकुंडाला सगळ्यांनाच जाता येणार नाही. पण दर तासाला नाही, तर निदान दर आठवड्याला तुमच्या गटात प्रत्येकीनं स्वतःच्या शरीराबद्दल एक खरं वाक्य बोलावं, एवढं तर कुठल्याही गावात करता येईल. करून पाहा. काय काय बाहेर आलं ते आम्हाला जरूर लिहून कळवा.