इंटर्नशिपची फाइल भरली, पण पोरांपर्यंत काय पोहोचलं?

बऱ्हाणपूर : सत्र संपत आलं की झेरॉक्सच्या दुकानांत कॉलेजच्या मुलामुलींची गर्दी दिसू लागते. हातात स्पायरल बाइंडिंगची फाइल, मुखपृष्ठावर ‘युवा स्वास्थ्य एवं सुरक्षा जागरूकता’ असं काहीतरी शीर्षक, आत मोबाइलवर काढलेले चार फोटो आणि शेवटी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. फाइल जमा झाली, गुण मिळाले, विषय संपला. दोष फक्त मुलांचा नाही. त्यांना सांगितलंच तेवढं जातं.

पण याच फाइलीमागे जिल्ह्याच्या कामाची एक मोठी ताकद दडलेली आहे. ती वाया का जाते आणि कशी वापरता येईल, हे जरा नीट पाहू.

तास आले कुठून?

नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण महाविद्यालयांत लागू करण्यात मध्य प्रदेश देशात आघाडीवर होता. २०२१-२२ च्या सत्रापासून पदवीच्या विद्यार्थ्याला फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप किंवा सामुदायिक कार्य यांपैकी काहीतरी करावंच लागतं. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना हे २०२४-२५ पासून लागलं. म्हणजे आता सीमेच्या दोन्ही बाजूंना, रावेरला असो की शहापूरला, पोरांना हे तास भरावेच लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. चार क्रेडिटचे झाले १२० तास. एका वर्गातल्या ५० जणांचे हिशेबाने ६,००० तास होतात. एवढं मनुष्यबळ आरोग्य विभागाने पगार देऊन उभं करायचं म्हटलं तर किती वर्षं फाइल फिरेल, ते वाचकांना सांगायला नको.

गरज आहे का? आहेच.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला. १० ते १९ वयोगटासाठी त्यात सहा विषय आहेत : पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, नशा, इजा व हिंसा आणि मधुमेहासारखे असंसर्गजन्य आजार. या वयाच्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत वेगळे क्लिनिक असतात. मध्य प्रदेशात त्यांना ‘उमंग’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘मैत्री’. आपल्या ओळखीतल्या किती पोरांना हे ठाऊक आहे, एकदा विचारून बघा.

आता काही आकडे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश १८ ते ४५ वयाचे होते. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेले ५० हजारांच्या वर. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर तिघं-तिघं बसून मोटारसायकल पळवणारी पोरं आपण रोज बघतो. याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, १,७६४. मध्य प्रदेशात १,३४०. बालविवाहाचं चित्रही सीमेमुळे फारसं बदलत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण मध्य प्रदेशात २३.१ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं.

खकनार भागात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करून कार्ड द्यायचं, असं त्याचं स्वरूप. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे हे कार्ड पत्रिकेआधी बघायची गोष्ट आहे. खकनारचे कोरकू आणि पलीकडे धारणीचे कोरकू यांच्यात सोयरिकी होतात, राज्याची सीमा त्यांना आडवी येत नाही. मग माहिती मात्र सीमेशी का थांबावी?

पोरगं पोराचं ऐकतं

डॉक्टरसाहेबांच्या भाषणाला शाळा हॉलमध्ये बसवून ठेवते, म्हणून मुलं बसतात. प्रश्न कुणी विचारत नाही. पाळीबद्दल, गुटख्याबद्दल, नापास झाल्यावर मनात येणाऱ्या विचारांबद्दल मुलगी किंवा मुलगा बोलतो तो दोन-तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या ओळखीच्या माणसाशी, आणि तेही घरच्या भाषेत. आपल्या जिल्ह्यात घरची भाषा एक नाही. शहरात हिंदी-उर्दू, शहापूर-इच्छापूरकडे मराठी, वर डोंगरात कोरकू, बारेली. पोस्टर मात्र सगळीकडे एकाच हिंदीत लागतं. कॉलेजचा विद्यार्थी या सगळ्या भाषांतून आलेला असतो. सरकारी कार्यक्रमाकडे जे नाही, नेमकं तेच त्याच्याकडे आहे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण : विद्यार्थी समुपदेशक नसतो. त्याने सल्ला द्यायचा नाही, दारापर्यंत न्यायचं असतं. पण दार कुठलं, तिथे कोण बसतं, कोणत्या वारी उघडं असतं, हे त्यालाच कुणी सांगत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि तिच्यावर कुणीच बोलत नाही. समजा एखाद्या पाड्यावर १५ वर्षांच्या मुलीने इंटर्न म्हणून आलेल्या ताईला सांगितलं की घरातलाच कुणीतरी त्रास देतो. ही ताई १९ वर्षांची. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तिला हे माहीत आहे का? तिने आधी कुणाला फोन करायचा? गावकऱ्यांनी घेरलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार? सुरक्षेबद्दल जागृती करायला पाठवलेल्या मुलीची स्वतःची सुरक्षा आपण मोजलीच नाही, तर तो उपक्रम कसला?

तिसरी अडचण सातत्याची. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री जनसेवा मित्र’ म्हणून तरुण पदवीधरांना महिना ८,००० रुपये मानधनावर इंटर्न नेमलं. पहिल्या टप्प्यात विकासखंडामागे १५, राज्यभरात ४,६९५. त्या हिशेबाने आपल्या दोन विकासखंडांत ३०. पुढे संख्या वाढली, पण २०२४ च्या सुरुवातीला मुदत संपली आणि हीच मुलं पुन्हा कामावर घ्या म्हणत भोपाळला आंदोलनाला बसली. ज्यांच्या दारात ती रोज जात होती, त्यांच्या लेखी एक ओळखीचा चेहरा अचानक बंद झाला. कॉलेजची इंटर्नशिप तर दर वर्षी बदलणारच. म्हणून धागा विद्यार्थ्याने नाही, कॉलेजने धरला पाहिजे.

करता येण्यासारखं

यासाठी नवा शासन आदेश लागत नाही.

एक, गावी पाठवण्याआधी दोन दिवसांचं प्रशिक्षण : काय बोलायचं, काय बोलायचं नाही, गुपित कधी राखायचं आणि कधी राखता येत नाही.

दोन, एका कॉलेजने तीन-चार गावंच धरायची, पण तीच तीन वर्षं. यंदाच्या तुकडीने पुढच्या तुकडीला गावात नेऊन ओळख करून द्यायची.

तीन, जोडीने जायचं, दिवसाउजेडी परतायचं, आशाताईंना आधी कळवायचं, गाडीभाडं विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ नये.

चार, गुण फोटोंना नको. किती जणांना क्लिनिकपर्यंत नेलं, किती जणांनी सिकलसेल तपासणी करून घेतली, याची नावं न लिहिता नोंद ठेवावी आणि तिला गुण द्यावेत.

पाच, सीमेवरची एकच चिठ्ठी असावी. आपल्याकडची पोरं केळीच्या बागांत, जिनिंगमध्ये, ऊसतोडीला महाराष्ट्रात जातात. तिकडे ‘उमंग’ विचारलं तर कुणाला कळणार नाही. दोन्ही नावं एका चिठ्ठीवर हवीत, आणि दोन्ही राज्यांत चालणारे नंबरही : आपत्कालीन मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, बालकांसाठी १०९८, मन मोकळं करायला टेली-मानस १४४१६, नशामुक्तीला १४४४६, ऑनलाइन फसवणुकीला १९३०. टेली-मानसवर मराठीतही बोलता येतं, हे मुद्दाम लिहावं.

पालकांनीही एक करावं. पोरगी किंवा पोरगा फाइल घेऊन घरी आला की गुण किती पडले हे नंतर विचारा. आधी विचारा, कोणत्या गावात गेला होतास, तिथे कुणी काय विचारलं, आणि तू काय उत्तर दिलंस. उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न कॉलेजला जाऊन विचारायचा हक्क आपल्याला आहे.