खोली मिळाली, चावी कुणाकडे?

परवा आमच्या बचत गटाची मासिक बैठक गावातल्या शाळेत भरली होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, आणि उठता उठता नव्यानं गटात आलेल्या एका सुनेनं विचारलं, "ताई, ती शेवटची खोली कायम बंदच का असते हो?"

त्या खोलीत दहा कॉम्प्युटर आहेत. काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं शाळेला दिले. तेव्हा मोठा कार्यक्रम झाला, फीत कापली, फोटो निघाले, दारावर देणाऱ्याच्या नावाची पाटी लागली. पहिलं वर्षभर आठवड्यातून दोनदा एक मुलगा शिकवायला यायचा. पोरं त्याची वाट बघत बसायची. मग 'प्रकल्पाची मुदत' संपली आणि मुलगा यायचा थांबला. इन्व्हर्टरची बॅटरी गेली. काही बिघडलं तर भरून कोण देणार, या भीतीनं शिक्षकांनी कुलूप लावलं. धूळ बसू नये म्हणून वर जुन्या चादरी घातल्यात.

"म्हणजे आहेराच्या भांड्यांसारखंच की गं," आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी म्हणाल्या. "मिळाली खरी, पण माळ्यावरच राह्यली."

सगळ्या हसल्या, पण मला काही ते हसण्यावारी नेता येईना. कंपनीनं पैसे दिले, शाळेनं वस्तू जपल्या. चूक म्हणावी तर कुणाचीच नाही. तरी पोरांच्या हाताला काही लागलं नाही. मग गाडी अडली कुठं?

मैत्रिणींनो, दान देणारा कुठं आणि कशासाठी देतो, हा प्रश्न आमच्या मुळशीला नवा नाही. १९२१ साली रामनवमीला इथं सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या कंपनीला धरण बांधून मुंबईसाठी वीज करायची होती आणि त्यात मावळ्यांची भातखाचरं बुडणार होती. बायकाही त्या लढ्यात उतरल्या होत्या. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यानं दिलं. लढा हरला, धरण झालं. आमचं पाणी घाट उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात गेलं आणि वीज मुंबईला गेली.

आता नाण्याची दुसरी बाजू. याच टाटा घराण्यानं शिक्षणासाठी दिलं तेवढं देणारी घराणी देशात फार थोडी. जमशेटजींनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. त्यातून शिकायला गेलेल्या पहिल्या दोघी चक्क बाया होत्या, डॉ. फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. ज्या काळात मुलीनं शाळेत जाणं हीच बातमी होती, त्या काळातली ही गोष्ट! पुढं सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संपत्तीतून ट्रस्ट झाले. १९३६ साली समाजकार्य शिकवणारी संस्था, १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल, १९४५ साली मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था, हे सारं दोराबजींच्या ट्रस्टच्या मदतीनं उभं राहिलं. दोघा भावांचे कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाले. आजही घरात कुणाला कॅन्सर निघाला की आपले पाय परळकडंच वळतात. ते ऋण कोण नाकारेल?

हे ट्रस्ट आमच्या धरणावर उभे राहिले, असं मी मुळीच म्हणत नाही. टाटांचे उद्योग कितीतरी होते. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. वर सांगितलेल्या सगळ्या संस्था मुंबईत आहेत. देणारा जिथं राहतो, जे त्याला दिसतं, तिथं तो देतो. यात वाईट हेतू नसतो, माणसाचा स्वभावच तसा. आपणही दारी आलेल्याला वाढतो, पलीकडच्या वाडीत कोण उपाशी आहे हे बघायला जात नाही. दान हे देणाऱ्याच्या मर्जीचं असतं, तोवर असंच चालायचं.

मात्र आता सगळाच पैसा मर्जीचा राहिलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. यालाच 'सीएसआर' म्हणतात. कशावर खर्च करता येईल याची यादीच कायद्याला जोडलेली आहे. तिच्यात शिक्षण आहे, अपंग मुलांसाठीचं विशेष शिक्षण आहे, हाताला काम देणारं कौशल्य आहे, सार्वजनिक वाचनालय आहे, वारसा आणि कला यांचं जतनही आहे. शिवाय कंपनीनं आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कलमात लिहिलं आहे.

आमच्या तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, पिरंगुटला कारखाने आहेत. तुमच्या तालुक्यातही एखादी एमआयडीसी असेलच. म्हणजे 'आसपासचा भाग' आपणच की! पण थांबा. हे प्राधान्य सक्तीचं नाही, मार्गदर्शक आहे, असा खुलासा सरकारनंच केलेला आहे. निर्णय होतो मुख्य कार्यालयात, आणि ते मुंबईला नाहीतर बंगळूरला असतं. जो मागतो, नीट कागद करून मागतो, त्याच्याकडं पैसा जातो. न मागणाऱ्याच्या वाट्याला येतात देणाऱ्याच्या मनातले कॉम्प्युटर.

दुसरी अडचण त्याहून मोठी. वस्तू दिसते, फोटोत येते, तिच्यावर पाटी लावता येते. शिकवणाऱ्या मुलीचा पगार फोटोत येत नाही. म्हणून खोली मिळते आणि खोली चालवणारं माणूस मिळत नाही. 'नियमात बसत नाही हो' असं कुणी सांगितलं, तर ऐकून घेऊ नका. कार्यालयीन खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण शिक्षणाच्या प्रकल्पात शिक्षकांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च धरला जातो. काम सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं ते चालू ठेवायलाही नियमात जागा आहे. बचत गटाला हा पैसा थेट मिळत नाही. एकतर कंपनी स्वतः काम करते, नाहीतर कंपनी मंत्रालयाकडं नोंद असलेल्या संस्थेमार्फत. तेव्हा तालुक्यातल्या चांगल्या संस्थेला बरोबर घ्यावं लागतं. कुठल्या कंपनीनं कशावर खर्च केला, ते तिच्या वेबसाइटवर आणि सरकारच्या सीएसआर पोर्टलवर बघता येतं. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सांगा, दहा मिनिटांत काढून देईल.

आणि मागायचं काय, तर फक्त कॉम्प्युटरच का? पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलंत ना? दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या लहान मुलाच्या नावानं ते उभं केलं, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं. तिथं अडकित्ते आहेत, दिवे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. आपल्याच आज्यापणज्यांच्या हातातल्या वस्तू. धरणात गेलेल्या गावांमधून डोक्यावरून आणलेली जाती आणि देवाचे टाक अजून आमच्याकडं काही घरांत आहेत. शाळेच्या एका खोलीत ते मांडता येतील, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करता येईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमधून संग्रहालय शाळांच्या दारी नेलंच आहे. मग गावाचं स्वतःचं का नसावं? तसंच, ऐकू न येणाऱ्या लेकराला घेऊन रोज एसटीनं पुण्याला जाणाऱ्या आईसाठी तालुक्याच्या गावी एक प्रशिक्षित शिक्षिका, हीसुद्धा मागण्यासारखीच गोष्ट.

आमच्या गटानं त्या बैठकीनंतर मुख्याध्यापकांना आणि एका नोंदणीकृत संस्थेला बरोबर घेऊन कंपनीला पत्र लिहिलं. नवीन काही मागितलं नाही. गावातल्याच एका पदवीधर मुलीचा तीन वर्षांचा पगार, एक बॅटरी आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम, एवढंच. दर सहा महिन्यांनी किती मुलं शिकली याचा हिशेब आम्ही देऊ, असंही लिहिलं. मागणाऱ्यानं हिशेबाला मागं हटू नये. बचत गटानं आपल्याला दुसरं काय शिकवलंय?

पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. पण मुख्याध्यापकांनी चावी गटाकडं दिली आहे. शनिवारी दुपारी आमच्यातली एक जण बसते आणि ती पदवीधर मुलगी सध्या बिनपगारी शिकवते. वीज असली की दहापैकी सहा कॉम्प्युटर चालतात.

तुमच्या गावच्या शाळेतही अशी एखादी बंद खोली असेल, तर निदान एवढं विचारून या, की चावी कुणाकडं आहे.