पिशवी काढण्याआधी चार प्रश्न

‘मुलं झाली ना? मग आता पिशवी ठेवून करायचंय काय?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई विरळाच. कधी डॉक्टर म्हणतात, कधी सासूबाई, कधी शेजारीण. पाळीत अंगावरून फार जातं, म्हणून चाळिशीही न गाठलेल्या बायका ऑपरेशन करून ‘मोकळ्या’ होतात. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा परवडत नाही, हेही त्यामागचं एक कारण.

पण मैत्रिणींनो, रक्त जातं ते पिशवीच्या आतल्या अस्तरातून. मग नुसत्या अस्तराचाच बंदोबस्त केला तर?

हाच विचार इंग्लंडमधल्या बाथ शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ निकोलस शार्प आणि भौतिकशास्त्रज्ञ नायजेल क्रोनिन यांनी केला. त्यांच्या हाती होत्या मायक्रोवेव्ह लहरी, आपल्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या. ओव्हनच्या लहरी सेकंदाला २४५ कोटी वेळा कंप पावतात आणि अन्नात बऱ्यापैकी खोल शिरतात. पिशवीत असं चालणार नाही. तिच्या भिंतीपलीकडे लगेच आतडी आणि मूत्राशय! कंपनं वाढवली की लहरी कमी खोल जातात. म्हणून त्यांनी ९२० कोटी कंपनांच्या लहरी निवडल्या. त्या वाहून नेणारी नळी खरं तर जाड लागते. पण आत योग्य पदार्थ भरला की ती बारीक करता येते. अशी जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची कांडी तयार झाली. तिच्या टोकाशी अँटेना, सोबत तापमान सांगणारी तार. उष्णता ७५ ते ८० अंश, ती पोचणार फक्त ५-६ मिलिमीटरपर्यंत. अस्तर मुळापासून जळतं, पिशवी शाबूत राहते. काम साधारण तीन मिनिटांचं! १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. १९९९ मध्ये ॲबर्डीनच्या २६३ स्त्रियांवरचा अभ्यास आला. दुर्बिणीतून अस्तर कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेशी तिची तुलना केली, तर वर्षभरानंतर दोन्हीकडच्या सुमारे तीन चतुर्थांश जणी समाधानी होत्या.

ही काही जादूची कांडी नव्हे. पुढे मूल हवं असेल तर हा मार्ग नाही. आधी कॅन्सर नाही ना, हे तपासावंच लागतं. भिंत पातळ असेल, विशेषतः सिझेरियन झालेलं असेल, तर जास्त जपावं लागतं. उष्णतेने अस्तर जाळायच्या इतरही पद्धती आहेत, पण त्या प्रत्येक गावात मिळतील असं नाही. आणि कितीतरी जणींना त्यांचीही गरज पडत नाही. गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने भागतं.

एका कांडीसाठी माणसं मिलिमीटरचा हिशेब करतात, बाईचा अवयव वाचावा म्हणून. मग आपण निदान चार प्रश्न तरी विचारूया. रक्तस्राव नेमका कशामुळे होतोय? औषधाने थांबेल का? नुसत्या अस्तरावर उपचार होईल का? आणि पिशवी काढलीच, तर अंडाशय ठेवणार का? कारण तीही गेली की पाळी जाण्याचे त्रास आणि हाडांची झीज ऐन तारुण्यात गाठते.

कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं. तेव्हा घाबरू नये, जरूर करावं. पण या प्रश्नांना नीट उत्तरं मिळेपर्यंत सहीची घाई करू नका. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं म्हणून पहिल्यांचा अपमान होत नाही. पिशवी आपली आहे, विचारायचा हक्कही आपलाच.