हुशार माणूस डोईजड होत नाही

छत्तीसगडच्या नव्या रायपूरला आता बुद्धिमान माणसं हवी आहेत. 2010 मध्ये सुरू झालेलं आयआयएम आणि 2015 मधलं आयआयआयटी इथंच आहेत. 2025 च्या एप्रिलमध्ये सेमीकंडक्टर कारखान्याचं भूमिपूजन झालं आणि पाठोपाठ मे महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटरचं. इमारती उभ्या राहतील. पण त्यांत बसणाऱ्या तल्लख माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, याबद्दल आपल्याकडच्या बहुतेक साहेबांचं मत आधीच ठरलेलं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं ते म्हणतात. असा माणूस डोईजड होतो, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडतो. त्यापेक्षा सांगितलं तेवढं करणारा बरा. ठेवायचाच झाला, तर चांगला पगार देऊन त्याला एका कोपऱ्यात मोकळा सोडावा.

हे मत चुकीचं आहे. त्याची किंमत खुद्द रायपूरने मोजली आहे.

नागपूर आणि केंब्रिज इथं शिकलेले डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया 1959 मध्ये कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. पुढे परदेशी बुटक्या भाताची बियाणी देशात सरसकट आणण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी विरोध केला. या जाती इथल्या रोग-किडींपुढे टिकणार नाहीत आणि बियाण्याबरोबर नवे रोगही येतील, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारची घाई खोटी नव्हती. 1965-66 चा दुष्काळ पडला होता, अमेरिकेचा गहू बंदरात उतरत होता, आणि लवकर जास्त धान्य देणारं बियाणं कुणालाही हवंसं वाटलं असतं. पण घाईच्या वेळीच जाणकाराचं म्हणणं आधी ऐकायचं असतं. इथं उलट घडलं. रिछारियांना संचालकपद सोडावं लागलं आणि न्यायासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘ताइचुंग नेटिव्ह 1’सारख्या जातींवर जिवाणूजन्य करपा किती सहज पडतो, हे पुढे शेतकऱ्यांनी आपल्या शेतातच पाहिलं.

सत्तरच्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने रायपूरला भात संशोधन संस्था काढून ती रिछारियांच्या हाती दिली. ‘कुणाचं ऐकत नाही’ असा शिक्का बसलेल्या या माणसाने तिथं काय केलं? मोजका पैसा आणि मोजकी माणसं घेऊन छत्तीसगडची गावं पालथी घातली, आणि भाताच्या सतरा हजारांहून अधिक वाणांचे नमुने गोळा केले. कोणता वाण कुठल्या मातीत येतो, किती दिवसांत कापणीला येतो, याच्या नोंदी केल्या. शेतकऱ्यांकडून शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. दशक संपायच्या आत ही संस्थाही बंद झाली. जागतिक बँकेच्या मदतीने येणाऱ्या संशोधन प्रकल्पासाठी ती जबलपूरच्या कृषी विद्यापीठात विलीन करण्यात आली. गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी 1986 मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लिहिलं, तेव्हा कुठं ही हकिगत देशभर पोचली.

यात रिछारिया डोईजड कुठं झाले? कमी पडले ते त्यांचे वरिष्ठ.

पगाराच्या मुद्द्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) संस्थापक होमी भाभांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. 1961 मध्ये परदेशातल्या चार तरुण भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी देशात परत येऊन काम करायची इच्छा पत्राने कळवली. जानेवारी 1962 मध्ये भाभांची तार गेली की टीआयएफआरमध्ये असा गट सुरू करायचं ठरलं आहे. त्या चौघांपैकी गोविंद स्वरूप 1963 मध्ये मुंबईला आले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या बत्तीस छोट्या अँटेना त्यांनी कल्याणजवळ उभ्या केल्या, 1970 मध्ये उटीची 530 मीटर लांबीची दुर्बीण पुरी केली, आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण. अमेरिकेत त्यांना जास्त पैसा सहज मिळाला असता. ते इथं राहिले, कारण त्यांच्या हाती त्यांच्या ताकदीचं काम होतं.

आणि ते मोकाट सोडलेलं काम नव्हतं. उटीच्या दुर्बिणीचा हेतू नेमका होता: दूरच्या रेडिओ दीर्घिकांचे कोनीय आकार मोजायचे आणि विश्व कायम सारखंच राहिलं आहे (म्हणजे स्थिर स्थिती सिद्धांत) की उत्क्रांत होत आलं आहे, या वादात पुरावा उभा करायचा. हुशार माणसाला दिशा नको असते, हा समज इथं गळून पडतो. त्याला अवघड आणि स्पष्ट प्रश्न लागतो.

या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग मात्र पुढेच आहे. 1972 मध्ये जयंत नारळीकर टीआयएफआरमध्ये आले. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू लढवणारे हे जगातलं एक मोठं नाव. 1975 मध्ये त्याच संस्थेतले स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीची निरीक्षणं प्रसिद्ध केली, ती या सिद्धांताच्या विरोधात जाणारी. कुणाची बदली झाली नाही, कुणाला गप्प बसवलं गेलं नाही. नारळीकरांनी पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तिच्या शेजारीच स्वरूपांनी उभं केलेलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. वाद चालू राहिला आणि दोन्ही संस्था वाढल्या.

असं वातावरण आपोआप तयार होत नाही. संस्थेच्या प्रमुखाला स्वतःचा निर्णय तपासू द्यावा लागतो, आणि तपासणाऱ्याच्या बढतीवर त्याचा राग निघू द्यायचा नसतो. प्रत्येक हुशार माणसाचं प्रत्येक मत बरोबर असतं असं नाही. रिछारियांचीही सगळी मतं बरोबर असण्याची गरज नव्हती. त्यांना उत्तर मिळायला हवं होतं. मिळाला तो घरचा रस्ता.

रिछारियांनी जमवलेलं बियाणं आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात आहे. 2002 मध्ये सिंजेंटा कंपनीशी झालेल्या करारामुळे ते तिच्या हाती जाणार, असं दिसताच लोकांनी आवाज उठवला, आणि करार बारगळला. नव्या रायपुरात आज माणसं नेमणाऱ्या प्रत्येक प्रमुखाने हा संग्रह एकदा जाऊन पाहावा. मग आपल्या संस्थेत एवढा एक नियम करावा: हाताखालच्या माणसाने लेखी हरकत घेतली, तर तिचं उत्तरही ठरलेल्या मुदतीत लेखीच द्यायचं.