झेंडूची माळ आणि मोसंबीची जाळी

यंत्राची पूजा करण्यात आपला हात धरणारा माणूस जगाच्या पाठीवर सापडणार नाही. दसरा आला, की लेथपासून शिलाई मशीनपर्यंत आणि ट्रकपासून लेकराच्या सायकलीपर्यंत सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागतं, गळ्यात झेंडूची माळ पडते. माझं म्हणणं एवढंच, की उरलेले ३६४ दिवस त्या यंत्राला कुणीतरी आंघोळही घालावी. पण हे बोललं, की लोक मला नास्तिक म्हणतात.

माझ्या भाच्यानं फलटणला ज्यूस सेंटर काढलं. मुहूर्त गुढीपाडव्याचा. मोसंबी पिळायचं विजेचं यंत्र आलं. खाली मोटर, वर गरगर फिरणारं रेघारेघांचं डोकं, त्याभोवती जाळी आणि रस पडायला तोटी. सगळं चकचकीत स्टेनलेस स्टील! नारळ फुटला, पेढे वाटले आणि पहिला ग्लास मला मिळाला. मामा असल्याचे जे थोडे फायदे अजून शिल्लक आहेत, त्यांपैकी हा एक.

रोज रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी एक मावशी येत आणि तासभर बसून ते यंत्र धूत. महिन्याभरात भाच्यानं त्यांना रजा दिली. म्हणाला, "मामा, स्टेनलेसला गंज चढत नाही. मग रोज तासाभराचे पैसे कशाला?" भाचा बी.कॉम. आहे. खर्च कुठं कापावा हे त्याला बरोबर कळतं. कुठं कापू नये, हा विषय त्यांना नसावा.

आठ दिवसांत दुकानात चिलटं आली. गिऱ्हाइकांआधी तीच हजर. पंधरा दिवसांत रस कडू लागायला लागला. त्याचं असं, की जाळीत चोथा वाळून बसला होता. रस उतरेना, म्हणून काउंटरवरचा गडी मोसंबी जास्त जोरानं दाबू लागला. जास्त दाबलं, की बिया आणि आतली पांढरी साल चिरडते आणि थोड्या वेळानं रसात कडूपणा उतरतो. लोणंदहून पालखी फलटणकडे येते तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथं माउलींचं उभं रिंगण होतं. लिंब म्हणजे कडुलिंब. आमच्या मोसंबीनंही तीच वाट धरली होती.

मे महिन्यात यंत्र ओरडायला लागलं. बेअरिंग गेलं होतं. बदललं. तीन आठवड्यांत पुन्हा गेलं. पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा ज्यांच्याकडून यंत्र घेतलं त्यांना फोन केला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, पूर्ण युनिटच बदलून घ्या ना!" आणि पालखी तर आठवड्यावर आलेली. शेवटी मी बाजारातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन आलो. त्यानं यंत्र उलटं केलं, चार स्क्रू काढले आणि एक काळं, फुगून मऊ झालेलं रबरी कडं आमच्यापुढं धरलं.

"ह्ये बगा शाफ्टचं सील. सालीच्या तेलानं फुगलंय. रस हितनं खाली उतरतोय, बेअरिंगचं ग्रीस धुऊन नेतोय. तुमी नुसतं बेअरिंग बदलताय. छपराला भोक, अन् तुमी आपली सतरंजी बदलताय!"

मग त्यानं विचारलं, "अन् ह्ये सबंध मशीन नळाखाली कुणी धरलं हुतं?"

भाचा छताकडं बघू लागला.

मिस्त्रीनं सील बदललं, बेअरिंगला खाण्याच्या यंत्रांना चालणारं ग्रीस भरलं आणि जाताना फुकट व्याख्यान दिलं. आधी प्लग काढायचा. डोकं, जाळी, भांडं सुटं करायचं आणि चोथा वाळायच्या आत धुवायचं. जाळी मऊ ब्रशानं उलट्या बाजूनं घासायची. मोटरचा भाग ओल्या फडक्यानं पुसायचा, त्यावर पाणी ओतायचं नाही. ब्लीचिंगचं पाणी रात्रभर ठेवायचं नाही, कारण क्लोरीन स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतो. सील दर महिन्याला बघायचं. आता तुम्हीच सांगा, यातलं मावशी काय करत नव्हत्या? सील सोडलं तर सगळं करत होत्या, आणि तेही व्याख्यानाशिवाय.

"वेळ कुठं आहे?" असं म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे. फलटण हा उसाचा तालुका. गळीत हंगाम संपला, की साखर कारखान्याची अख्खी मिल उघडून ठेवतात, रोलरपासून बेअरिंगपर्यंत सगळं तपासतात. हंगामातही मिल धुतात, कारण साचलेला रस आंबतो आणि साखर बुडते. जो माणूस सभासद म्हणून सर्वसाधारण सभेत मिलच्या दुरुस्तीवर तासभर बोलतो, तोच दुकानात आपल्या पिळणीला पाणी दाखवत नाही! साखर बुडाली तर कळते. गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं तर त्याचा ताळेबंद कुणी मांडत नाही.

आणि रस पितं कोण? तापातून उठलेल्या माणसाला आपण मोसंबीचाच रस पाजतो. बाळंतिणीची आई डबा घेऊन येते. त्यांना आपण काय देतो, कालचा चोथा? २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा नोंदणीचा कागद भाच्यानं काचेच्या चौकटीत लावला होता. ती चौकट मात्र रोज पुसली जायची.

यंत्र विकत घेणाऱ्याचा आपण सत्कार करतो. दुरुस्त करणाऱ्याला चहा पाजतो. धुणाऱ्याला मात्र रजा देतो! मी एका बिलाच्या पाठीवर हिशेब लिहून भाच्यापुढं ठेवला. एका बाजूला तीन बेअरिंगं, तीन मजुऱ्या, एक सील आणि अकरा दिवस बंद दुकान. दुसऱ्या बाजूला मावशींचा पगार. बी.कॉम. गप्प झालं.

मावशी परत आल्या. पण येताना म्हणाल्या, "दोनशे रुपये जास्त पडतील." मी म्हटलं, "तीनशे घ्या." भाचा म्हणाला, "मामा, पैसे माझे आहेत." तरीही दिले.

दसऱ्याला भाच्यानं यंत्राच्या डोक्यावर हातभर झेंडूची माळ चढवली. दुसऱ्या दिवशी तोटीतून रस उतरेना. जाळीच्या भोकाभोकांत पाकळ्या अडकल्या होत्या. मावशी स्टुलावर बसून जुन्या टूथब्रशानं एकेक काढत होत्या. मी उगीचच म्हटलं, "राहू द्या मावशी, देवाचं आहे."

"व्हय, पर रस मानसाचा हाय," असं म्हणून त्यांनी ब्रश फिरवला.