आरोग्यसाधना : पिवळ्या रंगाने दाखविलेली गळती



स्वाध्यायाला बसणाऱ्या वृद्ध मंडळींच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते, ‘अक्षरे आता नीट लागत नाहीत, वय झाले.’ मागील चातुर्मासात एक काकू मुलासह माझ्याकडे आल्या, त्याही हेच म्हणाल्या. वय सत्तरीपुढचे आणि मधुमेह अठरा वर्षांचा. नित्याचे सामायिक आटोपून ग्रंथ उघडला की उजव्या डोळ्याला ओळी मध्येच वाकलेल्या दिसत. डावा डोळा कित्येक महिन्यांपासून धूसर झाला होता. परंतु उजव्याने काम भागत असल्यामुळे त्यांनी घरात कोणालाच सांगितले नव्हते.

तपासणीत दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, मधुमेहाच्या खुणा दिसल्या. रक्तवाहिन्या नेमक्या कोठे बिघडल्या आहेत हे पाहण्यासाठी मी रंगद्रव्य टोचून करावयाची अँजिओग्राफी सुचविली. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हा रंग कशापासून करतात? आणि माझा चौविहार तर मोडणार नाही ना?” मुलगा संकोचला. मला मात्र दोन्ही प्रश्न रास्त वाटले. आपल्या अनेक घरांतून असे प्रश्न मनातच राहतात आणि त्यापायी तपासणी लांबणीवर पडते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. या रंगद्रव्याचे नाव फ्लुओरेसिन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. थॅलिक अनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल या दोन रसायनांपासून ते बनते. या रंगद्रव्याच्या घडणीत प्राणिज पदार्थ नाही. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला असता ते पिवळसर हिरव्या तेजाने चमकते. त्याच्या याच गुणाचा उपयोग येथे होतो.

बाहुली थेंबांनी मोठी केल्यावर दंडातील किंवा हातावरील शिरेतून हे द्रावण टोचतात. प्रमाण साधारणतः ५ मिलिलिटर किंवा त्याहून कमी. दहा-पंधरा सेकंदांत रंग रक्ताबरोबर डोळ्यात पोहोचतो. कॅमेरा निळा प्रकाश टाकतो आणि परत येणारा पिवळसर हिरवा प्रकाश तेवढा टिपतो. निरोगी दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रंग त्यांच्या बाहेर पडत नाही. मधुमेहाने त्या दुबळ्या झाल्या की सूक्ष्म फुगवटे चमकत्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि गळती असेल तेथे तेज हळूहळू पसरत जाते. जेथे रक्त पोहोचतच नाही, तो भाग काळा राहतो. नव्याने फुटलेल्या नाजूक वाहिन्या असतील तर त्यांतून रंग भराभर झिरपतो. सारी छायाचित्रे दहा-पंधरा मिनिटांत पुरी होतात.

ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांना जाते. १९५९ मध्ये त्यांनी मानवी डोळ्याची अशी छायाचित्रे घेतली. तो पहिला डोळा अल्विस यांचा स्वतःचाच होता. त्यांचा निबंध नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांनी स्वीकारला नाही. अखेर १९६१ मध्ये तो ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आला.

आता दुसरा प्रश्न. फ्लुओरेसिन मुख्यतः मूत्रावाटे बाहेर जाते, म्हणून तपासणीनंतर पुरेसे पाणी पिणे हितावह असते. चौविहार पाळणाऱ्याने सकाळची वेळ मागून घ्यावी. म्हणजे सूर्यास्तापूर्वी उकळलेले पाणी सावकाश पिता येते. उपवासाचा दिवस यासाठी निवडू नये. इंजेक्शनाने पच्चक्खाणाला बाध येतो का, हा विषय माझा नव्हे. तो आपल्या गुरुमहाराजांना आधीच विचारावा. मधुमेही व्यक्तीने गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता उपवास करण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा, हे वेगळे सांगावयास नको.

तपासणीनंतर काही तास त्वचा पिवळट दिसते आणि एक-दोन दिवस लघवी गडद पिवळी-नारिंगी होते. ही कावीळ नव्हे. काहींना क्षणभर मळमळते, क्वचित उलटी होते. अंगावर पित्त उठणे किंवा खाज येणे कमी जणांत घडते. गंभीर ॲलर्जी फार विरळ, परंतु संभवते. म्हणून दमा, पूर्वीची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास आधी सांगावे. बाहुली मोठी केल्याने काही तास अंधुक दिसते. सोबत कोणीतरी असावे आणि स्वतः वाहन चालवू नये.

प्रत्येकालाच ही तपासणी लागते असे नाही. ओसीटी नावाची तपासणी रंगाविना पडद्याची सूज मोजते. पडद्यामागील थरातील वाहिन्या पाहावयाच्या असल्यास इंडोसायनिन ग्रीन हे दुसरे रंगद्रव्य वापरतात. कोणती तपासणी हवी, हे विकार पाहून ठरते.

काकूंनी तिसऱ्या दिवशी सकाळी तपासणी करून घेतली. उजव्या डोळ्यात मध्यबिंदूजवळ गळती स्पष्ट दिसली. डोळ्यातील इंजेक्शने वेळेवर सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत ओळी बऱ्याच सरळ झाल्या. डाव्या डोळ्यात मात्र मध्यभागातील केशवाहिन्याच बंद पडल्या होत्या. तेथील काळा भाग कोणत्याही उपचाराने उजळणार नव्हता. ते चित्र पाहून काकू एवढेच म्हणाल्या, “हा डोळा मीच लपवून ठेवला.”

कर्मसिद्धांतात दर्शनावरणीय कर्माच्या भेदांमध्ये चक्षुदर्शनावरणीय हा एक भेद सांगितला आहे. त्याचा उदय आपल्या हाती नसेल. परंतु योग्य वेळी केलेला पुरुषार्थ आपल्या हाती आहे. मधुमेह असेल तर दिसण्यात काहीही उणे नसतानाही वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करावी. घरच्या घरी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, ग्रंथातील एक ओळ वाचून पाहावी. ओळ वाकलेली दिसली, तर त्याचा दोष वयाला देऊ नये आणि ती गोष्ट घरच्यांपासून लपवू नये.