सैनिकाला स्मारकापर्यंत कोण नेणार?

१/
१९८७च्या फेब्रुवारीतली गोष्ट. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका सामुदायिक भोजनप्रसंगी रॉजर डर्बिन नावाचा एक टपालवाहक तेथील लोकप्रतिनिधी मार्सी कॅप्टर यांच्यासमोर उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपच्या रणांगणावर लढला होता. त्याचा प्रश्न साधा होता : वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक का नाही? कॅप्टर यांनी इवो जिमाच्या प्रसिद्ध शिल्पाकडे बोट दाखवले. डर्बिन म्हणाला, ते फक्त मरीन दलाचे आहे. आम्हा सर्वांचे कोठे आहे?

२/
कॅप्टर यांनी त्याच वर्षी विधेयक मांडले. ते संमत होऊन राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची त्यावर सही होण्यास १९९३ साल उजाडले. पुढे जागेवरून वाद, आराखड्यावरून वाद, निधीची जुळवाजुळव. नोव्हेंबर २००० मध्ये भूमिपूजन झाले. डर्बिन त्याच वर्षाच्या आरंभी वारला होता. २९ मे २००४ रोजी स्मारकाचे लोकार्पण झाले, तेव्हा युद्ध संपून ५९ वर्षे लोटली होती. ज्याने प्रश्न विचारला, त्याला उत्तर पाहायला मिळाले नाही.

३/
मित्रहो, आजच्या धाग्याचा विषय या विलंबातून उद्भवतो. युद्धस्मारके बहुधा एका पिढीने उशिरा उभी राहतात. राष्ट्राला सवड होते तोवर सैनिकाच्या गुडघ्यांनी दगा दिलेला असतो, डोळ्यांवर मोतीबिंदू चढलेला असतो आणि निवृत्तिवेतनात दूरच्या प्रवासाचा खर्च बसत नसतो. स्मारक राजधानीत आणि सैनिक खेड्यात, हे अंतर मग कोणी कापायचे? अमेरिकेत या प्रश्नाला एक उत्तर मिळाले, आणि ते सरकारकडून आले नाही.

४/
अर्ल मोर्स हे हवाई दलातून निवृत्त झालेले कॅप्टन. ओहायोतील स्प्रिंगफील्ड या गावी माजी सैनिकांच्या दवाखान्यात ते वैद्यकीय साहाय्यक म्हणून काम करीत. स्मारक खुले झाल्यावर ते आपल्या वृद्ध रुग्णांना विचारू लागले, तुम्ही ते पाहायला जाणार का? आरंभी बहुतेक जण ‘जाऊ कधीतरी’ असे म्हणत. काही महिन्यांनी तीच माणसे पुन्हा तपासणीला आली, तेव्हा त्यांचे त्यांनाच उमगलेले असे की हा ‘कधीतरी’ आता येणार नाही.

५/
मोर्स स्वतः हौशी वैमानिक होते. २००४च्या डिसेंबरात त्यांनी एका रुग्णाला सांगितले, मी तुम्हाला माझ्या विमानातून घेऊन जातो, एक पैसाही घेणार नाही. मग त्यांनी हीच कल्पना वैमानिकांच्या मंडळापुढे मांडली. अटी दोनच : सैनिकाकडून काही घ्यायचे नाही आणि दिवसभर त्याच्यासोबत राहायचे. मे २००५ मध्ये सहा छोटी विमाने बारा वृद्ध सैनिकांना घेऊन निघाली. ‘ऑनर फ्लाइट’ या उपक्रमाचा हा पहिला प्रवास.

६/
इकडे उत्तर कॅरोलायनातील हेंडरसनव्हिल येथे जेफ मिलर या कपडे धुलाईच्या व्यावसायिकाने २००६ मध्ये संपूर्ण प्रवासी विमानेच भाड्याने घेऊन शेकडो सैनिकांना नेले. पुढे हे दोन्ही प्रयत्न एकत्र आले आणि देशभर स्थानिक शाखा उभ्या राहिल्या. आजवर दोन लाखांहून अधिक माजी सैनिक या प्रवासाला गेले आहेत. आधी दुसऱ्या महायुद्धातले, नंतर कोरियातले, आता प्रामुख्याने व्हिएतनाममधले. गंभीर आजारी असलेल्यांना, युद्ध कोणतेही असो, क्रम आधी मिळतो.

७/
प्रवास बहुधा एका दिवसाचा असतो. पहाटे विमानतळ, संध्याकाळी परत. प्रत्येक सैनिकासोबत एक सोबती असतो. तो चाकांची खुर्ची ढकलतो, औषधांच्या वेळा सांभाळतो, पाण्याची बाटली धरतो. कित्येकदा हा सोबती मुलगी, नातू किंवा पूर्णपणे अनोळखी असा एखादा तरुण असतो. माझ्या मते या उपक्रमाचा खरा शोध विमानात नसून या सोबत्यात आहे. पर्यटन कंपनी प्रवास घडवू शकते. पण ऐकणारा माणूस तिकिटासोबत मिळत नाही.

८/
दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकात एक भिंत आहे. तिच्यावर ४,०४८ सोनेरी तारे आहेत. एक तारा म्हणजे शंभर मृत वा बेपत्ता अमेरिकी सैनिक. पाहुणे ताऱ्यांची छायाचित्रे घेतात. वृद्ध सैनिक मात्र त्यांतल्या एका ताऱ्याच्या शंभराव्या भागाला ओळखत असतो : त्याचे नाव, गाव, आणि त्याने उसनी घेतलेली व परत न केलेली एखादी वस्तूसुद्धा. हा हिशेब भिंतीवर कोरता येत नाही. तो शेजारी उभ्या असलेल्या कोणाला तरी सांगावा लागतो, अन्यथा सैनिकासोबतच जातो.

९/
परतीच्या विमानात एक प्रसंग घडतो. युद्धकाळात छावणीत टपाल वाटताना नावांचा पुकारा होत असे. तसाच पुकारा विमानात होतो आणि प्रत्येकाच्या हाती पत्रांचा एक जुडगा पडतो. कुटुंबीयांची, शेजाऱ्यांची, शाळकरी मुलांची पत्रे. ज्यांनी वर्षानुवर्षे युद्धाचा शब्दही काढला नव्हता, अशी माणसे ती पत्रे वाचताना भर विमानात रडतात. ज्याच्या नावाचा पुकारा झाला तरी पत्र आले नाही, असा जवान प्रत्येक छावणीत असे. येथे कोणाचेही हात रिकामे राहू नयेत, याची काळजी घेतली जाते.

१०/
व्हिएतनामच्या सैनिकांचे दुःख निराळे. महायुद्धातील सैनिकांचे मिरवणुकांनी स्वागत झाले. हे मात्र एकेकटे, गाजावाजा न होता घरी आले, आणि युद्धाविषयीचा लोकांचा राग अनेकदा त्यांनाच सोसावा लागला. म्हणून त्यांच्यासाठी परतीच्या विमानतळावर जमलेली गर्दी हा पन्नास वर्षे थकलेला स्वागतसमारंभ ठरतो. त्यांच्या स्मारकासाठीही जान स्क्रग्ज या माजी सैनिकाने १९७९ मध्ये पुढाकार घेतला आणि खासगी देणग्यांतून निधी उभा राहिला.

११/
स्पर्धेत १,४२१ आराखडे आले. निवडला गेला तो माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा : जमिनीत उतरत जाणारी काळी, चकचकीत भिंत, तिच्यावर केवळ नावे. १९८२ मध्ये ती खुली झाली. या भिंतीचा ग्रॅनाइट आपल्या बंगळुरूजवळच्या खाणींतून गेला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. आज तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. दगड इतका आरशासारखा आहे की नाव वाचणाऱ्याचा चेहरा त्या नावावरच उमटतो.

१२/
ही नावे वर्णानुक्रमाने नाहीत, पदानुसारही नाहीत. ज्या क्रमाने माणसे पडली, त्या क्रमाने आहेत. त्यामुळे एकाच चकमकीत गेलेले सोबती दगडावरही शेजारी राहतात. वृद्ध सैनिक आपल्या तुकडीचा तो आठवडा बोटाने शोधत येतो आणि थांबतो. कोणी कागद लावून त्यावर पेन्सिल घासतो, नावाचा ठसा घरी नेतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या रचनेचा जरूर अभ्यास करावा. क्रमवारी हीसुद्धा इतिहासाची एक मांडणी असते.

१३/
आता आक्षेपाकडे वळू, कारण तो गंभीर आहे. अशा यात्रांत टाळ्या, ध्वज आणि अश्रू यांची इतकी गर्दी होते की युद्ध का झाले, योग्य होते का, हे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे वाटू लागते. त्या काळ्या भिंतीवर त्या युद्धात मेलेल्या लक्षावधी व्हिएतनामी माणसांपैकी कोणीही नाही. कृतज्ञतेच्या उमाळ्यात विवेक वाहून जातो, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे सोपे नाही.

१४/
तरीही माझे मत यात्रेच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण असे. टाळ्या लांबून वाजवल्या जातात. सोबतीला मात्र दिवसभर जवळ बसावे लागते, आणि जवळून ऐकलेले युद्ध सहसा गौरवगाथेसारखे नसते. त्यात भूक असते, चूक असते, आपल्याच तोफेचा चुकून पडलेला गोळा असतो, शत्रूच्या खिशात सापडलेले त्याच्या मुलांचे छायाचित्र असते. युद्धाविषयीचा भाबडेपणा घालवायला प्रत्यक्ष लढलेल्या माणसाइतका समर्थ शिक्षक नाही.

१५/
दुसरे कारण पुराव्याचे. वॉशिंग्टनमधील कोरियन युद्धाच्या स्मारकात २०२२ मध्ये नावांची भिंत नव्याने उभारली गेली : ३६ हजारांहून अधिक अमेरिकी आणि सात हजारांहून अधिक कोरियन नावे. तिच्यात शेकडो चुका असल्याचे अभ्यासकांनी लवकरच दाखवून दिले. युद्धानंतर सत्तर वर्षांनी, सर्व साधने हाताशी असताना ही अवस्था. दगडावरची चूक ओळखणारा माणूस हयात आहे तोवरच ती दुरुस्त होण्याची आशा असते.

१६/
आपल्याकडे पाहू. दिल्लीचे इंडिया गेट १९३१चे. त्यावर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, पण ती साम्राज्यासाठी लढलेल्यांची. स्वातंत्र्योत्तर युद्धांचे राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याच्या त्यागचक्रातील ग्रॅनाइटच्या विटांवर तेव्हा २५,९४२ नावे होती. १९४७-४८च्या काश्मीर युद्धापासून मोजले, तर हा विलंब सत्तर वर्षांचा भरतो. डर्बिनच्या ५९ वर्षांहूनही अधिक.

१७/
महाराष्ट्रात ही उणीव आणखी जुनी आहे. कोकणात आणि घाटावर पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अनेक गावांत आढळतात : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. केवळ आकडे; नावे नाहीत. साताऱ्याजवळचे आपशिंगे, कोल्हापूरकडील सैनिक टाकळी या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणींना माणसे दिली. त्या आकड्यांमागचे चेहरे आज कोणीही सांगू शकत नाही, कारण वेळ होती तेव्हा कोणी विचारले नाही.

१८/
नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण घ्या. रायगड जिल्ह्यातला हा मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वयाच्या २२व्या वर्षी धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर ज्ञात नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावात त्याच्या नावाने छायाघड्याळाच्या रूपातील स्मारक उभे राहिले. स्मारक झाले याचा आनंदच आहे. मात्र त्याच्या शेजारी लढलेला सोबती तेथे येऊन ‘तो असा होता’ हे सांगण्याची घटका केव्हाच टळून गेली होती.

१९/
ही घटका साधली गेल्याचेही एक उदाहरण आपल्याकडे आहे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी लडाखमधील रेझांग ला येथील नूतनीकृत स्मारकाचे लोकार्पण झाले. १९६२ मध्ये याच तारखेला १३ कुमाऊंची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथे लढली होती. त्या युद्धात लढलेले वृद्ध ब्रिगेडियर आर. व्ही. जटार समारंभाला आले, आणि संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी स्वतः त्यांची चाकांची खुर्ची स्मारकापर्यंत नेली. एका दिवसासाठी का होईना, राष्ट्राने सोबत्याचे काम केले. पण मंत्र्यांच्या हातून किती खुर्च्या ढकलल्या जाणार?

२०/
आता थोडे गणित करू. १९४५ मध्ये विशीत असलेला अमेरिकी सैनिक मोर्स यांच्या पहिल्या विमानात बसला, तेव्हा ऐंशीचा होता. आज त्या पिढीतील दीड कोटीहून अधिक सैनिकांपैकी एक टक्काही हयात नाहीत. आपल्या १९७१च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६५चा ऐंशी ओलांडून गेला आहे. म्हणजे अमेरिकेने ज्या टप्प्यावर धावपळ सुरू केली, त्या टप्प्याशी आपण आत्ता उभे आहोत.

२१/
म्हणून एक सूचना. दिल्लीचे विमान लगेच जमणार नाही, हे मान्य. पण पुण्यातील घोरपडीचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आहे आणि एस.टी.च्या अंतरावर आहे. महाविद्यालयातील इतिहास मंडळाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा, तालुक्यातील आठ-दहा वृद्ध सैनिकांची संमती घ्यावी, डॉक्टर सोबत ठेवावा, आणि प्रत्येकामागे एक विद्यार्थी द्यावा. गडकोटांच्या मोहिमा आखणाऱ्या आपल्या तरुणांना ही मोहीम अवघड जाऊ नये.

२२/
सोबत जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. ‘किती मारले?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. ‘तुमच्या शेजारी कोण होते?’ असे विचारावे. परवानगीवाचून ध्वनिमुद्रण करू नये. तारखा चुकल्या तर मध्येच दुरुस्त करू नयेत. त्या नंतर पलटणीच्या इतिहासाशी ताडून पाहता येतात. आजोबा गप्प झाले तर आपणही गप्प राहावे. आणि घरी सोडताना वीरपत्नींच्या, वीरमातांच्या घरीही पाच मिनिटे थांबावे. युद्ध त्यांनीही काढले आहे.

२३/
दगड थांबतो, त्याला घाई नसते. आपशिंग्याच्या पाटीवरचा आकडा अजून शंभर वर्षांनीही तसाच राहील. त्या आकड्याला नाव देऊ शकणारी माणसे आपल्या हातून गेली. १९६५ आणि १९७१ची माणसे मात्र अजून आपल्या गल्लीत, पारावर, बँकेच्या निवृत्तिवेतनाच्या रांगेत बसलेली आहेत. तुमच्या ओळखीत असे कोणी असतील, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. त्यांनी कोठे लढा दिला ते विचारा, आणि शेजारी कोण होते तेही.